पेटी घरात आली कशी आणि माळ्यावर गेली कशी?

पांढरीचार

"पूर्वी घरोघरी गाणं होतं, मग रेडिओ आला, टीव्ही आला आणि लोक गायचे थांबले." हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता ऐकलं की वाद घालावासा वाटतो. तो घालायलाच हा धागा.

मला वाटतं, रेडिओ आणि तबकड्यांनी घरचं गाणं मारलं नाही, उलट पोसलं. ते थांबलं ते घरात त्याचं काही काम उरलं नाही म्हणून. आणि ते काम काय होतं हे बघायला गेलं की चित्र तितकंसं गोड दिसत नाही.

पेटीपासून सुरुवात करतो. मूळ हार्मोनियम फ्रान्सची. अलेक्झांडर देबाँने १८४०च्या सुमारास पॅरिसात पेटंट घेतलं. खुर्चीवर बसायचं, पायांनी भाता हाणायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. आपल्याकडे ती मिशनरी आणि साहेबांबरोबर आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी १८७५मध्ये वाद्यांचं दुकान काढलं, 'द्वारकिन' नावाचं. हातपेटी रूढ करण्याचं श्रेय बहुतेक त्यांनाच देतात. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला पाय मोकळे नसतात, म्हणून भाता मागे गेला आणि डाव्या हाताला काम लागलं. आपल्याला दोन हातांनी सूरसमूह वाजवायचे नव्हतेच, त्यामुळे एक हात गेल्याचं कुणाला काही वाटलं नाही.

महाराष्ट्रात पेटी घराघरात रुजली ती नाटकाच्या मागून. १८८०मध्ये पुण्यात किर्लोस्करांचं शाकुंतल रंगभूमीवर आलं आणि पुढची पन्नासेक वर्षं नाट्यपदं हेच मराठी मध्यमवर्गाचं गाणं होतं. नाटक बघून आलेला कारकून दुसऱ्या दिवशी ते पद घरी गुणगुणणार, आणि गुणगुणणं पुरेनासं झालं की पेटी घेणार. सारंगी का नाही घेतली त्याने? कारण सारंगीला भूतकाळ होता. तिच्याबरोबर कोठी आणि तवायफ यायच्या. शिवाय ती शिकायला उस्तादाच्या दारात वर्षानुवर्षं बसावं लागे. पेटी नवी कोरी, कुठल्याच जातीची किंवा वस्तीची नाही. पट्टी दाबली की सूर लागतो, तोही बिनचूक. मास्तर नसला तर पुस्तकावर भागतं. पांढरपेशा घराला असंच वाद्य हवं होतं.

त्याच सुमारास 'सभ्य' गाण्याच्या संस्था निघत होत्या. मुंबईत कैखुशरू काबराजींची पारसी गायन उत्तेजक मंडळी (१८७०), पुण्यात गायन समाज (१८७४), बडोद्यात सयाजीरावांच्या आश्रयाने मौलाबक्षांची शाळा (१८८६). मग कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर. मिरजेत बाळकृष्णबुवांकडे शिकले, १९०१मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, १९०८मध्ये मुंबईला आणलं. १९३१मध्ये ते गेले, त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापलं, आणि त्यातून प्रारंभिक ते अलंकार ही परीक्षांची शिडी गावोगाव पोचली.

पलुसकरांना चांगले श्रोते आणि गाण्याला प्रतिष्ठा हवी होती. घरांना त्यातून आणखी एक गोष्ट मिळाली: लग्नाच्या बाजारात मुलीची किंमत. कांदेपोहे झाले की "गाणं येतं का हो?" आणि मुलगी पेटीवर एक भजन, एक नाट्यपद. मुलगा पसंत करून गेला की पेटीचं काम संपलं.

तुमच्या घरात पेटी होती का? कोणी आणली, कोणी वाजवली, आणि कोणत्या साली ती कपाटावर गेली? नुसत्या आठवणी नकोत, कारणंही लिहा.

कोकणकन्या

धागा उत्तम. आमच्या पणजीची पेटी तिच्याबरोबर सासरी आली होती, रुखवतात मांडून. लग्नात सगळ्यांनी बघितली. नंतर तिच्यावर भरतकाम केलेला रुमाल घातला गेला, तो आजतागायत आहे. पणजी वाजवायची, पण घरी कोणी नसताना. सासऱ्यांना आवडत नसे असंही नाही. सुनेने ओसरीवर ऐकू जाईल असं गाणं बरं दिसत नाही, इतकंच. घरातल्या पुरुषांकडे मात्र गुरुवारी भजन असायचं आणि त्याला हीच पेटी माजघरातून बाहेर जायची. वाजवायला गावातला कोणीतरी यायचा. जिची पेटी ती आतून चहा पाठवायची.

तिरकस_तात्या

या धाग्यावर पुलं यायला किती प्रतिसाद लागतात यावर पैज. माझे पाच.

सुमेधा_जोशीवाडा

तात्या, हरलात, तुम्हीच आणले.

पांढरीचार, लग्नाचा मुद्दा पटला, पण अर्धाच. माझी आई लहान तालुक्याच्या गावची. १९६०-७०च्या दशकात तिला घराबाहेर, संध्याकाळी, एकटीने कुठेही जायची मुभा नव्हती. अपवाद एकच: गाण्याचा क्लास. कारण तिथे परीक्षा होती, फॉर्म होता, सर्टिफिकेट होतं. वडिलांना दाखवता येईल असं काहीतरी. मध्यमा पूर्णच्या परीक्षेला ती मैत्रिणींबरोबर एस्टीने जिल्ह्याच्या गावी गेली, त्या दिवसाबद्दल अजून बोलते. परीक्षेतल्या रागांबद्दल नव्हे, एस्टीबद्दल! तुम्ही म्हणता तसा तो लग्नाचा दाखला असेल, पण तिच्या हिशेबात तो बाहेर पडायचा पास होता.

परीक्षांवर माझा राग आहेच, तो वेगळा. पाच आलाप आणि पाच ताना वहीत लिहून पाठ करायच्या, समेवर बरोबर उतरायच्या, आणि परीक्षक उठला की विसरायच्या. विशारद झालेल्या, पण घरी बसून आपल्याआपण दहा मिनिटं यमन गाऊ न शकणाऱ्या बायका मी बऱ्याच पाहिल्यात. शिकवलं गेलं ते परीक्षा द्यायला, घरी स्वतःसाठी गायला कोणी शिकवलंच नाही.

जात्यावरची

सगळं वाचलं. चांगलं आहे, पण 'घरचं गाणं' म्हटल्यावर धाग्याची सुरुवात पॅरिसहून का होते?

ज्या घरात पेटी घ्यायची ऐपत नव्हती, त्या घरात पहाटे बायका दळताना गात होत्याच. कोणी शिकवलेलं नाही, कोणासाठी नाही, आणि वाद्य म्हणाल तर जात्याची घरघर. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. एक लाखाच्या वर ओव्या, हजाराहून जास्त गावं. त्यातल्या कितीतरी आता जालावर बायकांच्या आवाजात ऐकता येतात. सासर, भाऊ, विठ्ठल, सीता, आंबेडकर, दुष्काळ, दारूडा नवरा, सगळं आहे त्यात. नाट्यपदात सापडतं का हे?

आणि हे गाणं कशाने थांबलं, तर रेडिओने नाहीच. पिठाच्या गिरणीने. गिरणी आली तेव्हा एकाही बाईने रडारड केली नसेल. दोन तास पहाटेची झोप मिळाली. माझ्या आजीला ओवी म्हणून दाखव म्हटलं की ती म्हणायची, जातं नाही तर कशी आठवेल? मग जमिनीवर बसून हात गोल फिरवायला लागायची, की ओळ यायची.

पांढरीचार

जात्यावरची, मान्य. तुमचा गिरणीचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो: कामाबरोबर जन्मलेलं गाणं कामाबरोबर गेलं.

फरक एवढाच बघतो की ओवीला श्रोता नव्हता आणि पेटीला तो पहिल्या दिवसापासून होता. पेटी दिवाणखान्यात ठेवतात, जातं मागे. हौस म्हणून गाणं, शिकून गाणं, कोणीतरी ऐकावं म्हणून गाणं, ही गोष्ट शंभर-सव्वाशे वर्षांची आहे आणि मला तिचा माग काढायचाय. भोंडला, मंगळागौर तुमच्या खात्यात धरा.

बीडीडी_वरळी

दिवाणखाना म्हणे! आमच्या खोलीला दिवाणखाना-स्वयंपाकघर सगळं एकच. दहा बाय सोळा म्हणा हवं तर.

आमच्या चाळीत गाण्याला घर आणि बाहेर असा भेद नव्हता. बारसं असो, साखरपुडा असो, तेराव्याऐवजीचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असो, रात्री 'गायन पार्टी' बसणार. बुवा, कोरस, ढोलकी, पेटी आणि बेंजो. बेंजो म्हणजे परदेशी सिनेमात दिसतो तो नव्हे. लाकडी लांबुळकी खोकी, वर टाइपरायटरसारख्या कळा आणि आत तारा. काही लोक बुलबुलतरंग म्हणतात. ते मूळचं जपानी, १९१२च्या सुमाराला नागोयात कोणी बनवलेलं वाद्य. कसं कोण जाणे मुंबईत आलं आणि गिरणगावाचं होऊन बसलं. पेटीच्या मानाने स्वस्त, काखोटीला मारून नेता येतं, आणि ढोलकीच्या कल्लोळातही ऐकू येतं. पुढे त्याला पिकअप लावून भोंग्यावर वाजवायला लागले, तेच आजचं 'बेंजो पथक'.

आमचे वडील गिरणीत साचा चालवायचे. आंबेडकरी शाहीर वामनदादा कर्डकांची गाणी त्यांच्याकडे वहीत उतरवलेली होती, कोणाच्या तरी वहीवरून. त्या वहीवरून तिसऱ्याने उतरवली. दादा २००४ला गेले, पण माझ्या ओळखीच्या घरांत त्यांची गाणी छापील पुस्तकातून आधी कोणी वाचलीच नाहीत, ती कानावरून आणि वहीवरून आली. त्याच्याही आधी तिसाच्या दशकात भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे होते.

तुमचं गाणं लग्न जमेपर्यंत, आमचं माणूस जागा होईपर्यंत. त्यामुळे ते माळ्यावर गेलं नाही. १४ एप्रिलला या.

कोकणकन्या

+१. "वहीवरून उतरवलेली" हे फार खरं. आमच्याकडेही पदांची वही होती, आणि ती पेटीपेक्षा जपून ठेवायचे.

कणकवलीचो_दाजी

पेटी मेली म्हणान कोण सांगता? चतुर्थीक आमच्या वाडीत येवन बघा. दीड दिवस असो नायतर अकरा, रोज रात्री घराघरात भजन. बुवा स्वतः पेटीर बसतलो, पखवाज एक, झांजो धा, आणि कोरसाक अख्खी वाडी. डबलबारी (दोन बुवांचो सामनो) लागली तर पहाट होता. मुंबैचो चाकरमानी वरीसभर परळाक नायतर विरारला भजनी मंडळात तालीम करता ती ह्यासाठीच. पेटी माळ्यार गेली ती पुण्यात गेली आसतली.

शास्त्रीय_विनय

पेटीवर एवढं प्रेम चाललंय, तर दुसरी बाजूही मांडतो. पेटीने मराठी घरांचा कान बिघडवला, हे माझं मत आहे आणि मी एकटा नाही.

सप्तकाचे बारा समान तुकडे केलेल्या वाद्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) नाही, आंदोलित म्हणजे हलता गंधार नाही. १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियम बंद केली ती याच कारणाने. नियंत्रक लायोनेल फील्डन, त्याच्या आधी जॉन फोल्ड्स या रेडिओतल्याच इंग्रज संगीतकाराने पेटीविरुद्ध लेखणी चालवलेली, आणि टागोरांचाही या बंदीला पाठिंबा. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

आपल्याकडे या दुखण्यावर औषध शोधणारा माणूस होता, आणि तो गवई नव्हता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर. १९१०मध्ये सप्तकातल्या बावीस श्रुतींवर (बारा सुरांहून बारीक भागांवर) पुस्तक काढलं, मग साताऱ्याकडचे आयसीएस अधिकारी क्लेमेंट्स यांना हाताशी धरलं, आणि लंडनच्या कीटली मूरकडून चक्क श्रुतींची हार्मोनियम बनवून घेतली. १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावरून संगीतशास्त्री भातखंड्यांच्या बाजूची मंडळी आणि ही मंडळी यांची चांगली जुंपली. पेटी काही बाजारात चालली नाही. पण विचार करा, पेन्शनीत निघालेला माणूस सुरांची कंपनसंख्या मोजत बसतो आणि विलायतेहून वाद्य मागवतो. हौशी संगीताचा इतिहास लिहायचा तर देवलांना त्यात पहिल्या पानावर घ्या.

पांढरीचार

वा, देवल आणल्याबद्दल आभार. पण विनय, तुमच्या बंदीच्या तारखा माझ्याच बाजूने बोलतात. तीस-एकतीस वर्षं रेडिओवर पेटी नाही. त्याच तीस वर्षांत मराठी घरांत पेट्या होत्या, क्लास भरलेले होते आणि भावगीताचा बहर होता. रेडिओने घरचं गाणं ठरवलं असतं तर पेटी १९५०पर्यंत संपायला हवी होती.

तबकडीचंही तसंच. सुईची तबकडी एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं वाजायची. नाटकात अर्धा अर्धा तास रंगणारं पद तिच्यावर तीन मिनिटांत बसवावं लागे. घरी शिकणाऱ्याला हे वरदानच होतं! तीन मिनिटांचा नमुना, हवा तितक्यांदा ऐका, सुई उचलून मागे ठेवा आणि बसवा. त्यात तबकडीची चकती दर वेळी थोडी झिजायची, आणि बापाचा ओरडा बसायचा. आमच्या घरातली नाट्यपदं मी तशीच, तीन मिनिटांच्या मापाने ऐकली. मोठेपणी खऱ्या लांबीचं पद ऐकलं तेव्हा वाटलं, गायक विसरला की काय थांबायचं.

जुना_पुणेकर

गीतरामायण कोणी काढलं नाही अजून! १ एप्रिल १९५५, रामनवमीला पुणे केंद्रावरून पहिलं गाणं, मग वर्षभर आठवड्याला एक, एकूण छप्पन. शुक्रवारी सकाळी लागायचं आणि शनिवार-रविवार पुन्हा. पुण्यातल्या वर्तमानपत्रांत गाण्याचे शब्द छापून यायचे. लोक कात्रणं वहीत चिकटवायचे, दुसऱ्या-तिसऱ्या प्रसारणाला पेटी काढून बरोबर गायचे, आणि पुढचं गाणं येईपर्यंत वाड्यात ते कोणीतरी बसवलेलं असायचं. माडगूळकर-फडक्यांनी शिकवणी घेतली म्हणा ना अख्ख्या पुण्याची. आमच्या वाड्यात तर एका बिऱ्हाडाचा रेडिओ आणि दुसऱ्याची पेटी, असा भागीदारीचा मामला होता.

सासष्टकार

गोव्याकडची भर घालतो, कारण तिथे ही गोष्ट वेगळ्याच वाटेने गेली.

पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांत मुलांना सुरावटी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवत. 'मेस्त' म्हणजे मास्तर, तो कॉयर (चर्चमधला कोरस) सांभाळायचा आणि पोरांच्या बोटांवर छडीही मारायचा. त्यामुळे कागदावरून गाणं वाचणारी माणसं खेड्याखेड्यांत झाली. सासष्टीतल्या कुडतरी, लोटली, मडगावच्या मोठ्या घरांत एकोणिसाव्या शतकात मांडो जन्मला तो या शिक्षणातूनच. आर्नाल्दो द मेनेझिश, तोर्क्वातो द फिगेरेदो, जिझेलिनु रिबेलो ही त्यातली मोठी नावं. गाणं कोंकणी, दोन आवाजांत, साथीला व्हायोलिन आणि घुमट (मडक्याच्या तोंडाला कातडं लावलेलं वाद्य). अमक्याच्या लग्नासाठी म्हणून नवा मांडो रचायचा आणि त्याच घराच्या सालांत (दिवाणखान्यात) तो गायचा-नाचायचा. रचणारे भाटकार (जमीनदार) आणि डॉक्टर-वकील, कोणी पोट भरायला नाही.

हिंदू घरांत चवथीला घुमट आरती. घुमट, शामेळ (छोटा नगारा), कांसाळें (झांज), आणि एकेक आरती इतकी लांब की निरांजनं विझतात. घुमटाला घोरपडीचं कातडं लागायचं. घोरपड १९७२च्या वन्यजीव कायद्यात आली, त्यामुळे आता बकऱ्याचं लावतात, आवाज थोडा वेगळा येतो. २०१९मध्ये सरकारने घुमट हे गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं.

पण एक गोष्ट या धाग्यावर कोणी बोलत नाहीये. तुम्ही लिहिता की सभ्य घरांत गाणं १८८०नंतर 'आलं'. गोव्यात आणि बेळगाव-सांगलीकडेही कितीतरी घरांत ते पिढ्यानपिढ्या होतंच. कलावंत घराण्यांत, म्हणजे देवळांत गाण्या-नाचण्याची सेवा करणाऱ्या बायकांच्या घरांत. मोठ्या गायिका केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्याच मातीतल्या. त्यांच्या आया-आज्यांच्या घरी रियाझ चालायचा, तो मात्र 'घरचं गाणं' या हिशेबात कोणी धरत नाही. ज्यांच्याकडून राग घेतले, त्यांचं घर घर नव्हे, आणि ज्यांनी घेतले त्यांच्या दिवाणखान्यात ते संस्कार झाले. पलुसकरांच्या चळवळीचं श्रेय द्यायचं ते द्या, पण तिचा हा खर्च कोणाच्या खात्यावर पडला तेही लिहा.

सुमेधा_जोशीवाडा

सासष्टकार, पूर्ण अनुमोदन. आणि मधला दुवा म्हणजे गायिका हिराबाई बडोदेकर. स्टेजवर बसून, डोक्यावरून पदर घेऊन, तिकीट लावून गायल्या. माझ्या आजीच्या पिढीतल्या बापांना "मुलीला गाणं शिकवा" हे म्हणायचं धैर्य कुठल्याही संस्थेच्या माहितीपत्रकापेक्षा त्या बसण्यातून जास्त आलं असावं.

भातेवाला

मी पेट्या दुरुस्त करतो. इथे नेहमी नुसता वाचतो, आज लिहितो.

जुनी पेटी उघडली की घर कळतं. पहिलं म्हणजे पट्ट्या बघायच्या. वरचं पांढरं कुठे झिजलंय? काळी एक-काळी दोनच्या (सप्तकातल्या पहिल्या-दुसऱ्या काळ्या पट्टीच्या) आसपास झीज असेल तर पुरुष गात होता. काळी चार-पाचच्या भागात असेल तर बाई. दोन्हीकडे झीज असलेल्या पेट्या कमी येतात. आणि बऱ्याच पेट्या अशा येतात की सत्तर वर्षं जुन्या आहेत पण झीज जवळजवळ नाहीच, फक्त मधल्या सप्तकात थोडी. त्या सगळ्या कोकणकन्यांच्या पणजीच्या.

आत काय सापडतं म्हणाल तर तांदूळ (पूजेच्या अक्षता पट्ट्यांच्या फटीतून पडतात), उदबत्तीची राख, झुरळं, केसांच्या पिना, आणि एकदा एक अख्खा जन्मदाखला, घडी घालून भात्याच्या खाली. उंदीर भात्याचं चामडं खातात. सरस आवडतो त्यांना.

विनयसाहेबांचं बरोबर आहे की पेटी समान सुरांची असते. पण घरची पेटी तशी फार दिवस राहत नाही. पितळेची जीभ (तिलाच आम्ही सूर म्हणतो) धूळ आणि दमट हवा खाऊन हळूहळू सरकते. मग आम्ही लावतो. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. माझ्या वडिलांकडे काही गवई यायचे, ते सांगायचे, "गंधार जरा उतरवून द्या, निषादही." म्हणजे ज्याला कान होता त्याने आपली पेटी आपल्यापुरती करून घेतली. जुने जर्मन सूर असतील तर हे शंभर वर्षांनीही करता येतं. पालिताण्याचे चांगले सूरही टिकतात. हल्लीच्या स्वस्त पेट्यांत पत्राच इतका पातळ की दोनदा खरवडलं की संपलं.

आणि सध्या धंदा वाईट नाही. पेट्या माळ्यावरून खाली येतायत. आणणारे बहुतेक रिटायर झालेले, साठीच्या पुढचे. म्हणतात, लहानपणी शिकायचं राहून गेलं.

एडिसनचा_नाना

न्यू जर्सीहून. इकडे पेटी विमानाने आणली तेव्हा कस्टमच्या माणसाने उघडून दाखवा म्हटलं, मग वाजवून दाखवा म्हटलं. सारेगम वाजवल्यावर जाऊ दिलं. आमची मुलगी गांधर्वच्या परीक्षा इथून देते, पुण्याच्या बाई व्हिडिओवर शिकवतात. पाठीमागे तानपुरा फोनचा. पेटीचा सूर आणि व्हिडिओतला सूर यांत अर्ध्या सेकंदाचा फरक पडतो, त्यामुळे एकत्र गाणं जमतच नाही. बाई गातात, मग ही गाते, मग बाई. साथ अशी नाहीच.

पांढरीचार

भातेवाला, तुमचा प्रतिसाद वेगळा धागा व्हायला हवा. पट्ट्यांची झीज ही कुठल्याही ग्रंथापेक्षा मोठी साक्ष आहे.

मग पेटी माळ्यावर का गेली, यावर आतापर्यंतच्या गप्पांवरून माझं मत असं झालंय. मुलींना नोकऱ्या लागल्या, आणि कांदेपोह्यांत गाण्याच्या जागी पगार विचारला जाऊ लागला. त्याबद्दल मी तरी हळहळणार नाही. वाडे पडले, फ्लॅट झाले. वाड्यात शेजारच्याचं गाणं कानावर पडणं गृहीत होतं, फ्लॅटमध्ये ती तक्रार होते. आमच्याच सोसायटीत रात्री आठनंतर 'वाद्य बंद' असा ठराव आहे. दहावीच्या वर्षी क्लास बंद करायचा हा अलिखित कायदा झाला, आणि तो पुन्हा कोणी सुरू केला नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, चांगलं म्हणजे काय ते इतकं उंचावर गेलं की घरच्या बेताच्या गळ्याची लाज वाटायला लागली. हे रेडिओने केलं असं म्हणणारे इथे थोडे बरोबर आहेत, एवढं मान्य. पण बीडीडी आणि दाजी यांच्याकडे तोच रेडिओ आणि तोच टीव्ही होता. त्यांचं गाणं राहिलं, कारण ते कोरसात होतं. कोरसात बेसूर माणूस खपतो. आमच्या दिवाणखान्यात एकटी मुलगी गायची आणि बाकीचे परीक्षक.

बीडीडी_वरळी

हे शेवटचं बरोबर लिहिलंत. आमच्या वडिलांचा सूर कधी लागला नाही, पण कोरस त्यांच्याशिवाय चालू होत नसे.

शास्त्रीय_विनय

बेसूर खपतो हा गुण म्हणून मांडला जातोय याची नोंद घेतो आणि गप्प बसतो.

तिरकस_तात्या

विनय गप्प बसले! या धाग्याची वाचनखूण साठवली.

कोकणकन्या

भातेवाला, हातासरशी विचारते. पणजीच्या पेटीचे तीन सूर वाजत नाहीत आणि एक पट्टी दाबली नाही तरी चालूच राहते. कुठे आणू, आणि आणण्याआधी घरी काही करायचं नाही ना?

भातेवाला

चालूच राहतो तो सूर म्हणजे पट्टीखालची स्प्रिंग गेलीय किंवा गादीचं चामडं कडक झालंय, काळजीचं नाही. न वाजणाऱ्या तिघांत बहुतेक कचरा अडकलाय. स्वतः खरवडू नका, तेल तर अजिबात घालू नका, लोक खोबरेल घालतात आणि मग माझ्याकडे रडत येतात. आधी वारा बघा: सगळे स्टॉप बंद करून भाता दोनदा भरा आणि सोडा. आपोआप पटकन खाली बसला तर गळतोय, मग चामडं बदलावं लागेल आणि खर्च वाढेल. हळू बसला तर वारा ठीक आहे. रुमाल काढून उन्हात ठेवू नका, सावलीत दोन दिवस उघडी ठेवा. पावसाळ्यात आणू नका, लाकूड फुगलेलं असतं, दिवाळीनंतर या. आणि सुरांच्या खर्ज-नर अशा दोनच ओळी आहेत की मादीसकट तीन, ते उघडून बघून मला निरोपात कळवा, म्हणजे सूर मागवून ठेवतो.

कोकणकन्या

तीन ओळी आहेत. निरोप पाठवलाय.